थर्मोस्टॅटचा कर्ता कोण?

‘कर्ता’ या शब्दाचा मराठीत दोन ठिकाणी वावर आहे. वाक्यातली क्रिया करणारा तो कर्ता, हे आपण शाळेत शिकतो. आणि अविभक्त हिंदू कुटुंबाच्या वतीने व्यवहार करणारा, कागदांवर सह्या करणारा, तोही कर्ताच. पहिला कर्ता वाक्यात दिसत नसला तर तो शोधून काढायची रीत व्याकरणाने आपल्याला दिलेली आहे. दुसरा कर्ता घरात नेमका केव्हा आणि कोणी नेमला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, तो असतोच. हे दोन्ही कर्ते मला अलीकडे एका अगदीच रुक्ष वस्तूच्या निमित्ताने एकत्र भेटले. अमेरिकेतल्या घरांच्या भिंतीवर बसवला जाणारा ‘स्मार्ट’ थर्मोस्टॅट ही ती वस्तू, आणि तो घरातल्या वाय-फायला जोडण्याच्या प्रक्रियेचे गेल्या दीड दशकात जे सुलभीकरण झाले, तो या लेखाचा विषय. साहित्यचर्चेच्या पानावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण यंत्रासोबत येणारी सूचनापत्रिका हीही एक संहिताच आहे. आपले विद्यार्थी कवितांपेक्षा अशा संहिताच अधिक वाचतात, आणि त्यांतली आज्ञार्थी क्रियापदे निमूटपणे पाळतातही. तेव्हा त्यांचे वाचन कोणीतरी करायला हवे.

आपल्याकडे भिंतीवर पंख्याचा रेग्युलेटर असतो. घर ‘तापवावे’ लागत नसल्याने थर्मोस्टॅट ही वस्तू आपल्याला फ्रीजच्या पोटात किंवा इस्त्रीच्या मुठीखाली दडलेली तेवढी ठाऊक. अमेरिकेत ती घराची नाडी असते. तळघरातली भट्टी केव्हा पेटावी, केव्हा विझावी, उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र केव्हा सुरू व्हावे, हे दिवाणखान्यातल्या किंवा बोळातल्या भिंतीवरची ही तळहाताएवढी वस्तू ठरवते. तिथल्या घरांत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा घर तापवण्यात आणि थंड करण्यात जाते. त्यामुळे या छोट्या वस्तूचा संबंध घराच्या मासिक खर्चाशी आहे, वीजकंपन्यांच्या हिशेबाशी आहे, आणि घरातल्या कोणाला थंडी वाजते, कोणाला नाही, या जुन्या कौटुंबिक वादाशीही आहे.

या वस्तूच्या इतिहासात एक मास्तर आहे, हे इथल्या वाचकांना आवडावे. वॉरन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर इथे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत अध्यापक होते. हिवाळ्यात शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून फिरून तापमान पाहायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करायचा. तास चालू असताना होणारा हा व्यत्यय जॉन्सन यांना सोसवेना. (तास चालू असताना सूचनेचे रजिस्टर घेऊन दार ढकलणारा शिपाई ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्यांची तळमळ कळेल.) त्यांनी वर्गात बसवण्यासाठी एक विजेचे उपकरण तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. वर्गातले तापमान ठरावीक अंशाबाहेर गेले की तळघरात घंटा वाजावी, आणि ती ऐकून तिथल्या माणसाने झडप हलवावी, अशी ती योजना होती. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, त्यांनी मिलवॉकी शहरात कंपनी काढली. म्हणजे हा आद्य थर्मोस्टॅट भट्टीशी परस्पर बोलत नव्हता. एका माणसाने दुसऱ्या माणसाला तारेवरून धाडलेला तो निरोप होता. निरोप कोणाचा आणि कोणाला, हे त्या व्यवस्थेत पुरते स्पष्ट होते.

पुढे मधला माणूस गेला आणि भट्टी थेट तारेला जोडली गेली. १९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रायफस यांनी आरेखित केलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. आत दोन धातूंच्या पट्टीचे वेटोळे, पाऱ्याचा खटका, आणि बाहेर फिरवायची एक तबकडी. तो बसवायचा म्हणजे भिंतीतून आलेल्या तारा दोन स्क्रूंखाली दाबायच्या. त्यानंतर ‘सेटअप’ नावाचे काही उरत नसे. घरात शिरलेला कोणीही, मग तो पाहुणा असो की आठ वर्षांचा मुलगा, तबकडी फिरवू शके. बापाने तबकडी फिरवणाऱ्या मुलावर ओरडावे, हा तिथल्या घरगुती विनोदाचा एक कायमचा विषय. मात्र तो विनोद शक्य होतो तो मुलाचा हात तिथे पोचतो म्हणूनच, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मधल्या काळात ‘प्रोग्रॅमेबल’ थर्मोस्टॅट आले. सोमवारी सकाळी किती, रात्री किती, रविवारी किती, असे वेळापत्रक त्यांत भरून ठेवायचे. ऊर्जा वाचावी म्हणून अमेरिकन सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने त्यांना आपली मोहोर दिली, आणि २००९च्या अखेरीस ती काढूनही घेतली. अपेक्षित बचत प्रत्यक्षात दिसत नव्हती. कारण साधे होते: बारीक बटणे, गूढ संक्षेप आणि एकात एक दडलेले पर्याय यांच्यापुढे असंख्य लोकांनी हात टेकले, वेळापत्रक भरलेच नाही, आणि त्या यंत्राचा उपयोग जुन्या तबकडीसारखाच केला. हा इतिहास मुद्दाम सांगतो, कारण सुलभीकरणाला सरसकट नाके मुरडणारा लेख मला लिहायचा नाही. अवघडपणाची किंमत असते. ती पैशात, इंधनात आणि धुरात मोजावी लागते. ज्यांची बोटे संधिवाताने वाकली आहेत, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही, त्यांच्यासाठी एक पायरी कमी होणे ही चैन नव्हे.

२०११च्या अखेरीस ‘नेस्ट’ हा थर्मोस्टॅट आला तो या पार्श्वभूमीवर. अ‍ॅपलमध्ये आयपॉड घडवणाऱ्या टोनी फॅडेल यांनी मॅट रॉजर्स यांच्याबरोबर काढलेली ही कंपनी; २०१४च्या जानेवारीत गुगलने ती ३.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. नेस्टने गोल आकार परत आणला, फिरवायचे कडे परत आणले, आणि वेळापत्रक माणसाने न भरता यंत्राने सवयी पाहून शिकावे अशी योजना केली. पण शिकलेल्या यंत्राला मोबाइलवरून हाक मारता यावी म्हणून त्याला घरातल्या वाय-फायला जोडणे आले. आणि इथून पुढे एक नवीच अडचण उभी राहिली.

वरवर क्षुल्लक वाटणारी ही अडचण तर्कदृष्ट्या मोठी मजेदार आहे. थर्मोस्टॅटला कळफलक नाही. त्याला वाय-फायचा पासवर्ड सांगायचा तर त्याच्याशी आधी जोडणी हवी. आणि जोडणी करायची तर त्याला पासवर्ड ठाऊक हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असा हा पेच. ‘सेटअप सोपा करणे’ या शब्दांनी जे सांगितले जाते ते सगळे या पेचातून काढलेल्या वाटांचे वर्णन आहे. आणि प्रत्येक वाट कोणाला तरी सोयीची, कोणाला तरी गैरसोयीची आहे.

पहिली वाट कष्टाची. भिंतीपाशी उभे राहून कडे फिरवायचे, अक्षर आले की दाबायचे, पुन्हा फिरवायचे. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, चिन्हे. पंधरा-वीस अक्षरांचा पासवर्ड म्हणजे जपमाळ ओढल्यासारखेच. सुरुवातीच्या नेस्टची वाट हीच होती. तिच्यावर टीका झाली, ती रास्तच होती. परंतु तिचा एक गुण त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसावा: तिला मोबाइल लागत नसे. ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याचा हात भिंतीला पोचतो, असा घरातला कोणीही ती चालू शके.

दुसरी वाट अशी, की थर्मोस्टॅटने काही मिनिटांपुरते स्वतःचेच एक छोटे वाय-फाय जाळे काढायचे, आपण मोबाइल त्या जाळ्यावर न्यायचा, घरच्या जाळ्याचा पासवर्ड त्याच्या कानात सांगायचा, आणि मग दोघांनी आपापल्या ठिकाणी परतायचे. युक्ती उत्तम. पण या तात्पुरत्या जाळ्यावर इंटरनेट नसते. मोबाइलला ते कळते. ‘इथे इंटरनेट नाही’ अशी कुरकूर करून तो गुपचूप कंपनीच्या डेटावर परत जातो, आणि निरोप अर्धाच राहतो. त्यात पुन्हा असे, की यांतले पुष्कळ थर्मोस्टॅट २.४ गिगाहर्ट्झ हीच लहरींची पट्टी ओळखतात, आणि आजचा मोबाइल बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असतो. घर एक, राउटर एक, जाळ्याचे नावही एकच. तरी दोघे एकमेकांना दिसत नाहीत. ज्याला ही दोन पट्ट्यांची गोष्ट ठाऊक नाही, त्याला हा प्रकार करणी केल्यासारखाच वाटणार.

तिसरी वाट बटणाची. राउटरवरचे एक बटण दाबा, किंवा आठ आकड्यांची एक संख्या द्या, की झाली जोडणी. २००६-०७च्या सुमारास आलेली ही ‘डब्ल्यूपीएस’ पद्धत सोपेपणाच्या बाबतीत आदर्शच म्हणायची. पण २०११च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवून दिले, की राउटर त्या आठ आकड्यांचे पहिले चार वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे. शेवटचा आकडा तर आधीच्या आकड्यांवरून काढता येतो. म्हणजे चोराला दहा कोटी शक्यता धुंडाळाव्या लागत नाहीत, ११,००० पुरतात. दार सोपे केले ते घरच्यांसाठी, आणि सोपे झाले ते सगळ्यांसाठी.

चौथी वाट फारशी टिकली नाही, पण छंदःशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे अवश्य पाहावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१०च्या दशकात घरगुती उपकरणांसाठी ‘स्मार्ट कन्फिग’ नावाची पद्धत आणली. मोबाइल हवेत माहितीची जी पाकिटे सोडतो ती कूटबद्ध असतात. थर्मोस्टॅटसारख्या परक्याला ती उघडता येत नाहीत. परंतु कोणते पाकीट किती लांबीचे, हे बाहेरूनही मोजता येते. तेव्हा पासवर्ड पाकिटांच्या आत न घालता त्यांच्या लांबीत गुंफून पाठवायचा. शब्द ऐकू येत नसतानाही लघु-गुरूंच्या क्रमावरून वृत्त ओळखावे, तसे. इतकी देखणी युक्ती. पण ज्याला लांबी मोजता येते असा शेजारीही ती ऐकू शकतो, आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असला तर ज्याच्यासाठी हा खटाटोप त्यालाच काही ऐकू येत नाही.

तारेची गोष्ट थोडक्यात. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागत नसे. तो नुसता खटका होता. वाय-फायचा रेडिओ मात्र सतत वीज खातो, आणि पुष्कळ जुन्या घरांत त्यासाठी लागणारी ‘सी’ नावाची तार भिंतीतून आलेलीच नसते. म्हणजे बिनतारी जोडणीसाठी एक तार जास्तीची हवी! जोडणी वारंवार तुटते तेव्हा दोष वाय-फायला दिला जातो, पण कित्येकदा मूळ दुखणे या न आलेल्या तारेत असते. २०१६च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे कित्येक नेस्ट थर्मोस्टॅटची बॅटरी संपली आणि लोक गारठ्यात उठले, हेही इथे आठवावे.

आता भाषेकडे येतो. या सगळ्या वाटांवर कुठेही ठेच लागली, की पडद्यावर उमटणारे वाक्य ठरलेले: ‘काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.’ इंग्रजीत काय किंवा मराठीत काय, या जोडवाक्याची रचना न्याहाळण्यासारखी आहे. पहिल्या वाक्यात करणारा कोणीच नाही. चुकणे आपोआप घडले, पावसासारखे. दुसऱ्या वाक्यात मात्र एकाएकी कर्ता अवतरतो, आणि तो म्हणजे तुम्ही. बिघाड अकर्तृक, कष्ट सकर्तृक. राउटरने पासवर्ड नाकारला की थर्मोस्टॅटला राउटर दिसलाच नाही, मोबाइल परस्पर दुसऱ्या जाळ्यावर गेला की कंपनीच्या सर्व्हरने उत्तर दिले नाही, हे यंत्राला पुष्कळदा ठाऊक असते. मुद्दाम गाळलेले असते ते. गाळण्यामागचा हेतू वाईट नसतो. वापरणाऱ्याला तपशिलाचा त्रास नको, असा तो असतो. पण ‘थर्मोस्टॅट फक्त २.४ची पट्टी ओळखतो. तुमचा फोन ५वर आहे’ हे वाक्य लांब असले तरी सुबोध आहे, आणि ‘काहीतरी चुकले’ हे आखूड असूनही दुर्बोध आहे. सुकर आणि सुबोध या दोन गोष्टी मराठीत वेगवेगळ्या शब्दांनी सांगता येतात. सेटअप सोपा करणाऱ्यांनी बहुतेक वेळा पहिली साधली आणि दुसरी वाऱ्यावर सोडली. दोन्ही एकत्र साधणे अशक्य नाही. पाकक्रिया लिहिणाऱ्या आपल्या जुन्या लेखिकांना ते साधले होते. पाक बिघडला तर तो कशाने बिघडला, हे त्या सांगून ठेवत.

व्याकरणातल्या कर्त्याचे हे झाले. घरातल्या कर्त्याचे प्रकरण याहून गंभीर आहे.

सेटअपच्या पायऱ्या कमी करत नेल्या की शेवटी एक माणूस, एक मोबाइल आणि एक खाते एवढेच उरते. ज्याने थर्मोस्टॅट जोडला, त्याच्या खात्यावर तो नोंदला जातो. बाकीचे आमंत्रित. त्यांना आमंत्रण धाडायचे की नाही, धाडलेले मागे घ्यायचे की कसे, हे त्या एकाच्या हाती. जुन्या तबकडीपाशी सारे सारखे होते; नव्या थर्मोस्टॅटने घरात एक कर्ता नेमला, आणि ही नेमणूक जोडणीच्या चार-पाच मिनिटांत, कोणी काही न बोलता उरकली. सेटअप जितका सोपा, तितकी ही नेमणूक कमी दिसणारी.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या सासूबाई साताऱ्याहून हिवाळ्यात तिच्याकडे गेल्या होत्या. सकाळी मुलगा आणि सून कामावर गेले, की तासाभरात घर गार पडू लागे. कुठल्या कंपनीचा थर्मोस्टॅट होता ते महत्त्वाचे नाही. नोंदलेले दोन्ही मोबाइल घराबाहेर गेले की घर रिकामे समजायचे आणि तापमान ६२ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १७ सेल्सिअसच्या आसपास, उतरवायचे, असे त्याच्यात ठरलेले होते. खाली बोळातल्या भिंतीवर बसवलेल्या त्या यंत्राला वरच्या खोलीत पांघरूण घेऊन बसलेल्या बाई दिसण्याचे कारण नव्हते. त्यांच्या साध्या भारतीय मोबाइलची नोंद कुठेच नव्हती. आठवड्याने उलगडा झाला तेव्हा सून म्हणाली, ‘‘आई, तुम्ही सांगायचं नाही का?’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘कुणाला सांगू? भिंतीला? मला वाटलं, इकडे दुपारी असंच असतं.’’ दाजी अजूनही तो थर्मोस्टॅट चार मिनिटांत जोडल्याचे कौतुकाने सांगतात. चार मिनिटांत जोडला हे खरेच आहे. त्या चार मिनिटांत ‘या घरात आणखी कोण राहते?’ हा प्रश्न नव्हता, म्हणून तर ती चारच होती.

हा प्रसंग हसण्यावारी नेता येतो. पुढचा नेता येत नाही. २०१८च्या जूनमध्ये न्यू यॉर्क टाइम्सने घरगुती हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रिया, त्यांना मदत करणारे कार्यकर्ते आणि वकील यांच्याशी बोलून एक वृत्तांत छापला. हात न लावता बंद होणारा एसी, रोज बदलणारे कुलपाचे आकडे, दारात कोणी नसताना वाजणारी घंटा, अशा तक्रारी त्यात होत्या. घर सोडून गेलेला पुरुषही मोबाइलवरून घरात राहू शकत होता. त्या वृत्तांतातले एक निरीक्षण आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे: घरात अशी उपकरणे बसवण्याचे काम बहुधा जोडप्यातली एकच व्यक्ती करते, आणि पासवर्डही तिच्यापाशीच राहतात. आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा पुरुष असते. म्हणजे ज्याला आपण ‘सेटअपचा अनुभव’ म्हणतो तो एकाचाच अनुभव. दुसऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येते ते एक चालू असलेले यंत्र, ज्याची सुरुवात तिने पाहिलेली नाही. तिच्यासाठी हा सेटअप सोपाही नव्हता, अवघडही नव्हता. तो झालाच नव्हता.

यावर असे म्हटले जाईल, की दोष नवऱ्याचा, यंत्राचा काय? तबकडीच्या काळीही जुलूम होतच होता. मान्य. पण तबकडी फिरवण्यासाठी जुलूम करणाऱ्याला भिंतीपाशी यावे लागे, आणि तो गेला की ती पुन्हा फिरवता येई. आता तसे उरलेले नाही.

कर्ता नेहमी घरातलाच असतो असेही नाही. २०२२च्या ऑगस्टअखेरीस कोलोरॅडो राज्यात उष्म्याने वीजपुरवठ्यावर ताण आला, तेव्हा एक्सेल या वीजकंपनीच्या सुमारे २२,००० ग्राहकांना आपल्याच घरातले तापमान कमी करता येईना. थर्मोस्टॅटने तसा संदेश दाखवून हात वर केले. या ग्राहकांनी बिलातल्या सवलतीच्या बदल्यात एका योजनेत नाव नोंदवले होते, तेव्हा कंपनीने कराराबाहेर काही केले असे म्हणता येणार नाही. टंचाईच्या वेळी सगळ्यांनी थोडी कळ सोसावी हे तत्त्वही मला पटते. खटकते ते एवढेच, की घरातल्या एकाने कधीतरी एका पडद्यावर ‘हो’ म्हटले आणि ते ‘हो’ सगळ्यांच्या वतीने झाले. अविभक्त कुटुंबाच्या कर्त्यालाही सर्वांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार असतो, पण त्यावर निदान कायद्याची बंधने असतात, आणि ते बाकीच्यांना न्यायालयात जाऊन विचारता येतात. अ‍ॅपमधल्या होकाराला तसे काही नाही.

मग सुलभीकरणाचे पुढे काय झाले? अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल आणि तेव्हाची झिगबी अलायन्स यांनी २०१९च्या डिसेंबरात एक समाईक प्रमाण करण्याचे जाहीर केले. ‘मॅटर’ या नावाने त्याची पहिली आवृत्ती २०२२च्या ऑक्टोबरात आली, आणि थर्मोस्टॅटचा समावेश त्यात पहिल्यापासून आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम फार चांगले झाले आहे. उपकरणावर छापलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा, किंवा ११ आकडे हाताने भरायचे. अनेकदा पहिली ओळख ब्लूटूथवर होते, त्यामुळे मोबाइलला घरचे जाळे सोडून कुठे जावे लागत नाही. गुप्त संख्या हवेतून पाठवली जात नाही. ती आपल्याला ठाऊक आहे एवढेच दोन्ही बाजू एकमेकांना पटवून देतात. १२३४५६७८ किंवा ११११११११ अशा आळशी संख्यांना नियमानेच मज्जाव आहे. शिवाय रोजची देवघेव घरातल्या जाळ्यावरच होऊ शकते. दर वेळी दूरच्या सर्व्हरपर्यंत हेलपाटा नको. डब्ल्यूपीएसच्या अनुभवातून लोक शिकले, हे इथे स्पष्ट दिसते.

मॅटरमध्ये एकाच थर्मोस्टॅटला एकाहून अधिक ‘प्रशासक’ असू शकतात, याचा गवगवा बराच होतो. पण हे बहुवचन कंपन्यांचे आहे. अ‍ॅपलच्या व्यवस्थेतला थर्मोस्टॅट गुगलच्या व्यवस्थेतही घेता यावा, यासाठी ती सोय आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपला मोबाइल जोडायचा म्हटले, तर आधीच्या प्रशासकाने जोडणीची खिडकी उघडून द्यावी लागते. पुन्हा कर्ता तोच. कंपन्यांचे आपसातले भांडण मिटवायला इतकी वर्षे आणि इतकी बुद्धी लागली. नवरा-बायको, सासू-सून, घरमालक-भाडेकरू यांचा विचार त्यात झाल्याचे दिसत नाही. भाडेकरूंचा तर स्वतंत्र प्रश्न आहे. आधीचा भाडेकरू जाताना खाते काढून टाकायला विसरला, तर नव्याला सगळे पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो, आणि तो कोड पूर्वी आलेल्या खोक्यातल्या कागदावर असतो, किंवा भिंतीवरून उपकरण उचकटल्यावर त्याच्या पाठीवर सापडतो. खोके तर केव्हाच रद्दीत गेलेले असते.

माझी मागणी अवाजवी नाही. सेटअपमध्ये एक पायरी वाढवा. जोडणी पूर्ण होण्याआधी विचारा, की या घरात आणखी कोण राहते, त्यांतले कोण दुपारी घरी असते, कोणापाशी मोबाइल नाही. त्यांच्यासाठी भिंतीवरचे नियंत्रण सदैव खुले ठेवा, आणि ते मोबाइलवरच्या आज्ञेपेक्षा वरचढ धरा. निदान काही तास तरी. शेवटची आज्ञा कोणाच्या खात्यावरून आली हे भिंतीवरच्या पडद्यावर वाचता येऊ द्या, म्हणजे वाक्याला कर्ता मिळेल. कार्यालये, दुकाने आणि वसतिगृहे यांच्यासाठी कुलूप हवे असेल, तर ते वेगळे मागून घ्यावे लागू दे. घरांसाठी तो मूळ स्वभाव नको. या सगळ्याने चार मिनिटांची सात मिनिटे होतील. अभियंते म्हणतील, वाढलेल्या प्रत्येक पडद्यागणिक काही लोक कंटाळून निघून जातात. जात असतीलही. पण आज जे निघून गेलेले मोजले जातात ते मोबाइल हाती असलेल्यांतले. ज्यांना आत घेतलेच नाही, त्यांची गणती कोण करते?

तंत्रज्ञानाला ही गोष्ट नवखी नाही, याचा पुरावा अगदी ताजा आहे. २०११ आणि २०१२ सालच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटना दिलेला आधार गुगलने २५ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. उपकरणे बिघडली नव्हती. त्यांना ज्या सर्व्हरशी बोलायला शिकवले होते तो बोलेनासा झाला. त्या दिवसापासून अशा घरांत, ज्याच्या नावावर खाते होते त्यालाही मोबाइलवरून तापमान बदलता येत नाही. भिंतीपाशी जाऊन कडे फिरवले की मात्र भट्टी पेटते, मग ते कोणीही फिरवलेले असो.